क्योटोहून खाऊ काय आणावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्योटोत खाऊची दुकानं शेकड्यांनी आहेत, आणि बहुतेक सगळीच डब्यावर सोनेरी कागद लावून बसलेली आहेत. त्यामुळे 'सगळ्यात चांगलं काय' या प्रश्नाला उत्तर नाही. 'कुणासाठी, किती दिवसांनी आणि कुठल्या बॅगेतून' एवढं ठरवलं की निवड बरीच सोपी होते. किमती बदलत राहतात, म्हणून इथे अगदी गरज असेल तिथेच त्या दिल्या आहेत.

खरेदीला सुरुवात कुठून करायची? चव बघून की बजेट बघून?

तारीख बघून. क्योटोतले अनेक नावाजलेले गोड पदार्थ दोन ते दहा दिवसच टिकतात, आणि आपल्या प्रवासाचा हिशेब बहुतेकांना दुकानात उभं राहून सुचत नाही. समजा मंगळवारी घेतलं, गुरुवारी विमान आहे, शुक्रवारी घरी पोचलात आणि ऑफिसात डबा सोमवारी उघडणार. म्हणजे विकत घेतल्यापासून खाईपर्यंत सहा दिवस गेले. मांगेत्सु या दुकानाच्या प्रसिद्ध 'आजारी-मोची' या पुरण भरलेल्या मऊ गोडाची मुदत पाच दिवसांची असते. ती हॉटेलच्या खोलीतच खाऊन टाकायची वस्तू आहे. आणि खावीच.

ढोबळ अंदाज असा. ताजे 'नामागाशी' म्हणजे चहासोबत देतात ते नक्षीदार ओले गोड, त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी संपवायचे. दाइफुकु म्हणजे पुरण भरलेले तांदळाच्या पिठाचे मऊ गोळे, एक-दोन दिवस. पुरण भरलेली मऊ यात्सुहाशी साधारण दहा दिवस, मात्र उत्पादकानुसार फरक पडतो. भाजलेली यात्सुहाशी काही महिने. बंद पाकिटातलं योकान, म्हणजे घेवड्याच्या पुरणाची कानतेन घालून घट्ट केलेली वडी, वर्षभरापर्यंत. कोंपेइतो या काटेरी गोळ्या साखरेच्याच असल्यामुळे त्यांची काळजीच नको.

पाकिटावरच्या दोन तारखांत गल्लत करू नका. 'शोमी किगेन' म्हणजे या दिवसापर्यंत चव उत्तम राहील. तो दिवस उलटला म्हणजे पदार्थ लगेच फेकायचा असं नाही. 'शोहि किगेन' म्हणजे यानंतर खाऊ नये, ही ताज्या आणि नाशवंत मालावर असते. तारीख वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाने छापतात. २६.०३.०८ असं दिसलं तर ते ८ मार्च २०२६ असतं. क्वचित वर्ष जपानी कालगणनेत असतं, रेइवा ८ म्हणजे २०२६.

यात्सुहाशी म्हणजे नेमकं काय? इतके प्रकार दिसतात की गोंधळ उडतो.

मुळात दोनच. पहिला भाजलेला. तांदळाचं पीठ, साखर आणि 'निक्की' म्हणजे जपानी दालचिनी यांची पातळ पट्टी, कौलासारखी वळवून भाजलेली. ती चांगलीच कडक असते. घरी कुणाला कवळी असेल तर त्यांच्यासाठी ही नको.

दुसरा प्रकार 'नामा यात्सुहाशी', म्हणजे न भाजलेली. वाफवलेल्या तांदळाच्या पिठाची मऊ चौकोनी पोळी, मध्ये लाल अझुकी घेवड्याचं गोड पुरण, आणि त्रिकोणी घडी. क्योटोत सर्वाधिक खपणाऱ्या खाऊंत हिचं नाव असतंच. प्रत्येक उत्पादकाने हिला आपलं नाव दिलंय. शोगोइनची 'हिजिरी', इझुत्सुची 'युउको', निशिओची 'आन्नामा', आणि 'ओताबे'. मूळ पदार्थ एकच, फरक दालचिनीच्या जोरात आणि पोळीच्या जाडीत. सर्वांत जुनं दुकान कुणाचं, हा वाद उत्पादकांमध्ये कोर्टापर्यंत गेलेला आहे. आपण त्यात पडू नये. कियोमिझु मंदिराकडे जाणाऱ्या चढावर बऱ्याच दुकानांत चाखायला तुकडे ठेवलेले असतात. दोन ठिकाणी चाखा आणि आवडेल ती घ्या.

पहिल्यांदा नेत असाल तर दालचिनी आणि माचा (हिरव्या चहाची पूड) अशी अर्धी-अर्धी असलेली पेटी घ्या. आंबा, स्ट्रॉबेरी, चॉकलेट असल्या हंगामी चवी दिसतात खऱ्या, पण त्यांत दालचिनी बहुधा गायब असते आणि घटकांची यादी लांबते.

नामा यात्सुहाशी घरी आणल्यावर कडक झाली. काय चुकलं?

बहुधा ती फ्रिजमध्ये गेली. शिजलेल्या तांदळातला स्टार्च फ्रिजच्या थंडाव्यात घट्ट होतो, शिळ्या भाताचं होतं तेच. तारखेच्या आत असेल तर पेटी बाहेरच, पण थंड आणि सावलीच्या जागी ठेवा. उघडलेली पेटी त्याच दिवशी संपवा, कारण एकदा हवा लागली की कडा वाळायला लागतात. कडक झालेली पोळी मायक्रोवेव्हमध्ये आठ-दहा सेकंद फिरवली की पुन्हा मऊ होते. त्याहून जास्त वेळ ठेवलीत तर पुरण उकळून तोंड भाजेल.

मे महिन्यात मुंबई-नागपूरच्या उन्हात मात्र 'थंड जागा' म्हणजे काय, हा प्रश्नच असतो. त्या दिवसांत ही पेटी घरी पोचल्यावर दोन-तीन दिवसांत संपवून टाका, छापील तारखेची वाट बघू नका.

घरी सगळे शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही. मग काय उरतं?

बरंच काही, आणि चांगलं. पारंपरिक जपानी गोडांत दूध-तूप नसतंच. तांदूळ, घेवडा, साखर, आणि समुद्री शेवाळापासून केलेलं 'कानतेन' (आपण अगर-अगर म्हणतो ते) यांवर सगळा खेळ आहे. अंडी शिरली ती पोर्तुगीज आणि पुढे पाश्चात्त्य वळणाच्या पदार्थांतून.

बहुतेक वेळा चालतील असे: दालचिनीची साधी यात्सुहाशी, योकान, कोंपेइतो, वासानबोन साखरेचे साच्यात दाबलेले कोरडे गोड, मोनाका (तांदळाच्या कुरकुरीत कवचात पुरण), आणि साखरेत घोळवलेले रंगीत वाटाणे म्हणजे 'गोशिकी-मामे'. मामेमासा हे १८८४ पासूनचं दुकान ते करतं. शिवाय वाळवलेली 'युबा', म्हणजे सोयाबीनच्या दुधावरची साय. ती पाच मिनिटं पाण्यात भिजवून रस्स्यात किंवा सूपमध्ये घालता येते. स्वयंपाकाची आवड असणाऱ्याला मिठाईपेक्षा ही भेट जास्त आवडेल.

अंडं असणारच असे: कास्तेला, दोरायाकी, आजारी-मोची, बाउमकूखेन, आणि कावामिचियाचे 'सोबा होउरु' हे गव्हाच्या आणि कुट्टूच्या पिठाचे बिस्किट. मालब्रांशचं 'चा नो का' हे माचाचं बिस्किट दिसायला सात्त्विक, पण त्यात अंडं आणि दूध दोन्ही असतं.

खरा सापळा मात्र गोडात नाही, खाऱ्यात आहे. सेन्बेइ (तांदळाची कुरकुरीत खारी बिस्किटं), लोणची, मिसोचं म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं झटपट सूप, चहात भिजवून खायचे भाताचे मसाले, या सगळ्यांत 'कात्सुओ' म्हणजे वाळवलेल्या बोनितो माशाचा अर्क असण्याची शक्यता मोठी. 'चिरिमेन सानशो' तर सरळ बारीक मासळीच आहे. पाकिटावर हिरवी पानं आणि भाज्यांची चित्रं असतील, तरी मागची बाजू वाचल्याशिवाय घेऊ नका.

लेबल पूर्ण जपानीत असतं. ते वाचायचं कसं?

फोनमधल्या भाषांतराच्या ॲपचा कॅमेरा लेबलावर धरा. विमानात बसण्याआधीच जपानी भाषा ऑफलाइन उतरवून ठेवा, कारण तळघरातल्या दुकानांत नेटवर्क दगा देतं. पाकीट उलटं करा. मागे चौकट असते. पहिल्या ओळीत पदार्थाचं नाव, दुसऱ्या ओळीत 'गेनझाइर्योओ' म्हणजे घटक, जास्त वजनाचा आधी. तिरप्या रेघेनंतर जे येतं ते अॅडिटिव्ह. त्यानंतर कंसात ॲलर्जीचे घटक लिहिलेले असतात.

जपानी कायद्याने काही ॲलर्जी घटक लिहिणं सक्तीचं आहे. कोळंबी, खेकडा, अक्रोड, गहू, कुट्टू, अंडं, दूध आणि शेंगदाणा हे त्यांत येतात. म्हणजे अंडं आणि दूध तुम्हाला नक्की कळेल. मासा आणि जिलेटिन या सक्तीच्या यादीत नाहीत. त्यामुळे 'ॲलर्जीच्या रकान्यात काही नाही, म्हणजे शाकाहारी' हा निष्कर्ष चुकीचा. माशासाठी आणि 'झेरातीन'साठी घटकांची पूर्ण ओळ वाचावी लागते. 'न्यूकाझाइ' हा शब्द भाषांतरात कधीकधी दुधाचा पदार्थ म्हणून येतो. तो इमल्सिफायर आहे, त्यात दूध असेलच असं नाही. 'शुसेइ' म्हणजे टिकवण्यासाठी घातलेला अल्कोहोल, मिसोत आणि लोणच्यांत सर्रास असतो. ज्यांना अल्कोहोल अजिबात वर्ज्य आहे त्यांच्यासाठी घेताना तो शब्द आणि 'योओशु' म्हणजे विदेशी दारू, हे दोन्ही बघा.

विक्रेत्याला 'व्हेजिटेरियन का?' असं विचारू नका. उत्तर 'हो' येईल आणि त्यात माशाचा अर्क निघेल, कारण तिथे मांसाचे तुकडे नसले की पदार्थ शाकाहारी धरणारे बरेच आहेत. 'तामागो वा हाइत्ते इमासु का?' (अंडं आहे का?) आणि 'साकाना वा हाइत्ते इमासु का?' (मासा आहे का?) असं नेमकं विचारलं की विक्रेते यादी काढून दाखवतात.

जैन मंडळींसाठी काय?

योकान, कोंपेइतो, साधी यात्सुहाशी आणि चहा. 'जोओयो मांजु' नावाचे पांढरेशुभ्र, शाकाहारी दिसणारे गोळे टाळा. त्यांच्या पिठात 'यामाइमो' हा कंद किसून घालतात. 'कुझु' हाही कंदाचा स्टार्च आहे. रताळ्याचे पदार्थ ओळखू येतातच. योकानमध्येही मधाचा एक प्रकार मिळतो, तेवढा बाजूला ठेवा.

(उपवासाला यातलं काय चालेल, असंही लोक विचारतात. तांदूळ आणि घेवडा सोडला तर उरते साखर. तेव्हा कोंपेइतो, पण लेबल बघून, कारण त्याच्या मध्यभागी तांदळाचा कण असू शकतो.)

कोंपेइतो म्हणजे नुसती साखरच ना? इतके पैसे का मोजायचे?

साखरच, पण ती कशी होते ते बघा. तिरप्या, फिरत्या, तापलेल्या कढईत बारीक कण घेतात. त्यावर थोडाथोडा पाक सोडत राहायचं, कण फिरत राहतात, पाक सुकतो, पुन्हा पाक. हळूहळू त्यावर काटे उभे राहतात. क्योटोतल्या र्योकुजुआन शिमिझु या १८४७ पासूनच्या दुकानात एका घाण्याला १६ ते २० दिवस लागतात. कण चिकट तांदळाचा असतो. संक्रांतीचा काटेरी हलवा परातीत खसखशीवर किंवा तिळावर पाक शिंपडत घरी केलेला ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

नातं नुसतं दिसण्यातलं नाही. ही साखरेची कला जपानात पोर्तुगीजांनी नेली. १५६९ मध्ये लुईश फ्रोईश या जेझुइट धर्मगुरूने ओदा नोबुनागा या जपानी सरदाराला क्योटोत काचेच्या बरणीतून अशा गोळ्या भेट दिल्याची नोंद आहे. हा फ्रोईश जपानला गेला तो गोव्यात काही वर्षं राहून, तिथेच दीक्षा घेऊन. आजी-आजोबांसाठी, हळदीकुंकवाच्या वाणासाठी, बारशाला वाटायला, याहून सोपी वस्तू नाही. वितळत नाही, फुटत नाही, अंडं नाही, दूध नाही. दमट हवेत पुडी उघडी राहिली तर मात्र चिकटते. उघडल्यावर लगेच काचेच्या बरणीत भरा.

स्टेशनवर स्वस्त कोंपेइतोही मिळतं. ते मुलांना वाटायला ठीक आहे. नुसती साखर आणि रंग. दोन्ही शेजारी ठेवून खाल्लं तर फरक जिभेला कळतो, पण लग्नघरी शंभर जणांत वाटणार असाल तर स्वस्तातलंच घ्या.

माचा घ्यायचा आहे. डब्यावर डबे आहेत, कुठला घ्यावा?

आधी ठरवा, पिण्यासाठी की केक-आइस्क्रीमसाठी. पाण्यात घुसळून पिण्यासाठी 'उसुचा' दर्जाचा हवा. स्वयंपाकाचा माचा स्वस्त, पण पाण्यात कडू लागतो. आणि 'माचा लाते' लिहिलेली मोठी पाकिटं म्हणजे साखर, दूध पावडर आणि थोडा माचा. घटकांत पहिलं नाव साखरेचं असेल तर ते पेय-मिश्रण आहे, माचा नव्हे.

चांगल्या डब्यात घटक एकच असतो, चहा. इप्पोदो (१७१७ पासून), मारुक्यू कोयामाएन, आणि उजी गावातले नाकामुरा तोकिची ही खात्रीची नावं. २०२४ च्या अखेरीपासून जगभर मागणी इतकी वाढली की बऱ्याच दुकानांत माणशी एखाद-दोन डब्यांची मर्यादा आहे, आणि काही प्रकार सकाळीच संपतात. विशिष्ट डबा हवा असेल तर दुकान उघडताना जा. 'उजी-चा' लिहिलं म्हणजे पानं उजी गावातच पिकलीत असं नसतं. क्योटो, नारा, शिगा आणि मिए या प्रांतांतली पानं क्योटोत प्रक्रिया केली तर ते नाव चालतं. त्यात फसवणूक काही नाही, पण 'उजीचाच' म्हणून दामदुप्पट देऊ नका.

डबा छोटा घ्या, २० ते ४० ग्रॅमचा. एका कपाला २ ग्रॅम लागतो, म्हणजे २० ग्रॅमचे दहा कप होतात. उघडल्यावर महिनाभरात हिरवा रंग उतरायला लागतो आणि चव पेंढ्यासारखी होते. ज्याला देणार तो रोज पिणार नसेल तर शंभर ग्रॅमची पिशवी वाया गेलीच समजा. न उघडलेला डबा फ्रिजमध्ये ठेवलात, तर उघडण्याआधी तासभर बाहेर काढून ठेवा. थंड डब्यात दमट हवा शिरली की पावडरीवर पाणी धरतं आणि गाठी होतात.

करायला सोपं: २ ग्रॅम चाळून घ्या, ८० अंशाचं ६० मिलिलिटर पाणी घाला, जोरात घुसळा. पाणी उकळल्यावर एका पेल्यातून दुसऱ्यात ओतलं की साधारण एवढं तापमान येतं. बांबूची घुसळणी, अर्थात 'चासेन' नसेल तर घट्ट झाकणाच्या छोट्या बाटलीत गार पाण्याबरोबर हलवलं तरी चालतं. न चाळता घातलं तर गाठी राहणारच, कितीही घुसळा.

आमच्याकडे सगळे दुधाचा चहा पिणारे. माचा कुणी पिणार नाही.

मग होजिचा घ्या. भाजलेला हिरवा चहा, तपकिरी, कडवटपणा कमी, उकळतं पाणी ओतलं तरी बिघडत नाही. अर्धा मिनिट ठेवायचा आणि गाळायचा. दुधातही बरा लागतो. गेनमाइचा म्हणजे भाजलेल्या तांदळाचे दाणे घातलेला, तोही बहुतेकांना रुचतो. 'इरिबानचा' हा क्योटोचा घरगुती चहा मात्र चाखल्याशिवाय घेऊ नका. त्याला चुलीच्या धुराचा वास असतो. ज्यांना आवडतो ते त्याच्या प्रेमात पडतात, बाकीचे डबा कपाटात मागे ढकलतात. ग्योकुरो महाग आणि नाजूक, कोमट पाण्यात काढावा लागतो. चहाचा शौकीन माणूस असेल तरच.

क्योटोची लोणची आणावीत का?

स्वतःसाठी आणा, वाटायला नको. तीन नावं महत्त्वाची. 'शिबाझुके' म्हणजे वांगी आणि लाल शिसोची पानं, मूळ ओहारा खोऱ्यातलं, जांभळं आणि आंबट. 'सुगुकी' कामिगामो भागातलं, नुसत्या मिठात आंबवलेलं. 'सेनमाइझुके' म्हणजे शोगोइनच्या मोठ्या सलगमाच्या कागदासारख्या चकत्या, फक्त हिवाळ्यात. आपल्या लोणच्यासारखा तेल-मसाला यांत नसतो. भाताबरोबर शिबाझुके पटकन आवडतं. सुगुकीचा वास सगळ्यांना झेपत नाही.

अडचणी दोन. पुष्कळ लोणची थंडच ठेवावी लागतात. दुकानात बर्फाची पिशवी देतात, पण तिचा जोर काही तासांचाच. दुसरं म्हणजे खरोखर आंबवलेल्या लोणच्याची पिशवी उबेत फुगते. ती खराब झालेली नसते, आतले जिवाणू काम करत असतात. पण बॅगेत फुटली तर कपडे जांभळे होतात. सामान्य तापमानाला चालणारी, गरम करून सीलबंद केलेली पाकिटं वेगळी मिळतात. 'जोओओन' म्हणजे सामान्य तापमान, असं विचारून तीच घ्या, दोन प्लास्टिक पिशव्यांत घाला.

तिखट-मसाल्यातलं काही?

'शिचिमी' घ्या. लाल मिरची, सानशो, काळे-पांढरे तीळ, शेवाळ, भांगेचे बी वगैरे सात घटकांची पूड. कियोमिझुजवळच्या सान्नेनझाका उतारावर शिचिमिया होन्पो, आणि गिओनमध्ये हारार्योकाकु, ही दोन जुनी घरं. हारार्योकाकुची 'कुरो शिचिमी' काळपट आणि ओलसर असते. तिखटपणा आपल्या मानाने काहीच नाही. खरी गंमत सानशोच्या झिणझिण्यांत आहे. कोकणातल्या माशाच्या आमटीत जे तिरफळ पडतं, ते सानशोच्याच कुळातलं, त्यामुळे मालवणी-गोवेकर घरांत या पुडीचं स्वागत होतं. दहीकाकडी, वरण, उकडलेलं अंडं, कशावरही भुरभुरवा. सुगंध लवकर उडतो, म्हणून छोटी पुडी घ्या आणि उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा.

एक गंभीर सूचना. कुरो शिचिमीत खसखस असते. संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेणं बेकायदा आहे आणि त्यावरून लोक अडचणीत आलेले आहेत. दुबईत उतरणार असाल, किंवा तिथल्या बहिणीला-भावाला पाठवणार असाल, तर ही पुडी नकोच. कामेया मुत्सुच्या 'मात्सुकाझे' या मिसोच्या गोड वडीवरही खसखस पेरलेली असते. सिंगापूरमार्गे जाणाऱ्यांनीही खसखस टाळावी.

ऑफिसात तीस जण आहेत. सगळ्यांना पुरेल, सुटं देता येईल असं काय?

पेटीवर आकडा आणि पुढे 'इरी' असं लिहिलेलं असतं, म्हणजे आत किती नग आहेत ते. नग वेगवेगळे गुंडाळलेले आहेत का, हे काउंटरवरच्या नमुना पेटीत बघता येतं. भाजलेल्या यात्सुहाशीच्या छोट्या पुड्या, माचाची बिस्किटं, छोटी योकान ही तीन नावं पुरेशी. नामा यात्सुहाशी एकाच प्लास्टिकमध्ये दहा-दहा असतात. ती वाटायला गैरसोयीची, हाताला चिकटते. तोराया या मूळच्या क्योटोच्या दुकानाची छोटी योकानं प्रत्येकी साधारण ५० ग्रॅमची. तीस घेतलीत तर दीड किलो झालं, हे बॅगेचं वजन करताना आठवा.

तीस जणांत पाच-सहा जण अंडं न खाणारे असतीलच. दोन वेगळ्या पेट्या नेण्यापेक्षा सगळ्यांना चालेल अशी एकच न्या, नाहीतर टेबलावर डबा ठेवून प्रत्येकाला समजावत बसावं लागतं.

मुलांसाठी?

पुरणाचे पदार्थ मुलांना सहसा पहिल्या घासाला आवडत नाहीत. उगाच आग्रह करू नका. उजी माचाचं किटकॅट न्या, ते स्टेशनपेक्षा औषधांच्या दुकानांत आणि सुपरमार्केटात स्वस्त पडतं. एप्रिल ते जूनमध्ये चॉकलेट चेक-इनमध्ये टाकलंत तर विमानात नाही वितळत, वितळतं ते टॅक्सीच्या डिकीत.

निशिकी बाजार, डिपार्टमेंट स्टोअर, स्टेशन, विमानतळ. कुठून काय?

निशिकी बाजार सुमारे चारशे मीटरची अरुंद गल्ली आहे. लोणची, युबा, शिचिमी तिथून घ्यावीत, आणि बघण्याची मजा आहेच. चालता चालता खाऊ नका. ज्या दुकानातून घेतलं त्याच्यासमोर उभं राहून खा आणि काडी-कागद तिथेच परत द्या. दुकानं संध्याकाळी पाच-सहाला बंद होतात, आणि बुधवारी बरीच बंद असतात.

गोडासाठी डिपार्टमेंट स्टोअरचं तळघर सर्वांत सोयीचं. शिजो रस्त्यावर दाइमारु आणि ताकाशिमाया, स्टेशनवर इसेतान. साधारण सकाळी दहा ते रात्री आठ. शहरभर विखुरलेल्या जुन्या घरांचे काउंटर तिथे एका छताखाली मिळतात. रोज मोजकाच येणारा माल दुपारपर्यंत संपतो.

तेव्हा चहा, कोंपेइतो, योकान कधीही घ्या. तारखेचा माल निघायच्या दिवशी इसेतानमधून घ्या आणि तिथूनच गाडी पकडा. कानसाई विमानतळाला हारुका एक्सप्रेस साधारण सव्वा तास घेते. विमानतळावर मोठ्या ब्रँडची यात्सुहाशी मिळते, पण छोट्या घरांचा माल तिथे शोधू नका.

करमुक्त खरेदी परवडते का?

खाद्यपदार्थांवर कर ८ टक्के. ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचा नियम असा की एकाच दुकानात एकाच दिवशी करापूर्वीची ५,००० येनांची खरेदी झाली तर पासपोर्ट दाखवून कर वगळून मिळतो, पण माल सीलबंद पिशवीत देतात आणि ती जपानात उघडायची नाही. म्हणजे पेट्या बॅगेत इकडेतिकडे बसवता येत नाहीत. १ नोव्हेंबर २०२६ पासून कर आधी भरायचा आणि देश सोडताना कस्टमच्या तपासणीनंतर परत मिळवायचा. सील त्यानंतर नाही. ५,००० वर ४०० येन वाचतात. त्यासाठी अर्धा तास रांगेत उभं राहायचं का, हे ज्याने-त्याने बघावं.

केबिन बॅगेत काय, चेक-इनमध्ये काय?

जपानी सुरक्षा तपासणीत मिसो, लोणची, पुडिंग, जेली यांना द्रव समजतात. १०० मिलिलिटरच्या वर असेल तर काढून घेतात. मिसोचा डबा काउंटरवर सोडून रडवेल्या चेहऱ्याने पुढे जाणारे प्रवासी नवीन नाहीत. ओलसर दिसेल ते सगळं चेक-इनमध्ये. सिंगापूर, बँकॉक, हाँगकाँगमार्गे येत असाल तर तिथे पुन्हा तपासणी होते. कानसाईला आत घेतलेली बाटली तिथे अडकू शकते.

केबिनमध्ये घ्या ते नाजूक: वासानबोनचे गोड, बिस्किटं, मोनाका, सेन्बेइ. दुकानाची कागदी पिशवी वरच्या कप्प्यात आडवी पडते, म्हणून पेटी सपाट बसेल अशी कापडी पिशवी बरोबर ठेवा. चेक-इनमध्ये पेट्या कपड्यांच्या मधोमध आणि कडक कडेपासून दूर ठेवा.

भारतात किंवा अमेरिकेत उतरताना काही अडचण?

सीलबंद गोड, चहा, मसाला घरच्यापुरता असेल तर सहसा नाही. ताजी फळं, ताजा वासाबी कंद, बिया आणि रोपं आणू नका, त्यांना वनस्पती तपासणीचे दाखले लागतात. मांस असलेले पदार्थही टाळा. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात खाद्यपदार्थ जाहीर करावे लागतात. जाहीर केलेली मिठाई बहुधा सुटते, लपवलेलीवर दंड होतो. झटपट नूडल्स आणि करीच्या वड्यांत मांसाचा अर्क असतो आणि अमेरिकेत तो अडकू शकतो. न्यू जर्सीतल्या भाच्यांना यात्सुहाशी पाठवा, रामेनची पाकिटं नकोत.

क्योटोतच कुणी घरी जेवायला बोलावलंय. काय न्यावं?

क्योटोच्या माणसाला क्योटोची यात्सुहाशी नेऊ नका. भारतातून आणलेलं द्या. हापूस नाही, ताजी फळं जपानात विनादाखला नेता येत नाहीत, आणि मांसाचे पदार्थ पूर्ण बंद. लोणावळ्याची चिक्की उत्तम, फक्त घरात शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का ते आधी विचारा. चांगला दार्जिलिंग, साधे भाजलेले काजू हेही चालतं. तिखट शेव पहिल्या भेटीत नको.

काहीच आणलं नसेल तर डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातून दोन-तीन हजार येनांची पेटी घ्या. दुकान यजमानांच्या गल्लीतलं नको, वाटेत सुचलं म्हणून घेतलं असं वाटतं. पेटी गुंडाळून मागा, आणि जास्तीची एक कागदी पिशवी. घरात गेल्यावर पेटी पिशवीतून काढा, छापील बाजू त्यांच्याकडे करून दोन्ही हातांनी द्या, पिशवी घडी घालून स्वतःकडे ठेवा. चारचे किंवा नऊचे नग असलेली पेटी टाळा. यजमान तुमच्यासमोर ती उघडणार नाहीत, आणि त्याचा अर्थ आवडली नाही असा नसतो.

घरी पोचल्यावर बिस्किटं आणि भाजलेली यात्सुहाशी सादळली. वाचवता येते का?

यात्सुहाशी येते. ओव्हन १२० अंशावर ठेवून पाच-सहा मिनिटं, किंवा जाड तव्यावर मंद आचेवर, मग पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना मऊच लागते, गार झाल्यावर कुरकुरते. चॉकलेटचा थर असलेली बिस्किटं अशी गरम करू नका, चॉकलेट वितळून बाहेर येतं. ती फ्रिजमध्ये घट्ट डब्यात ठेवून दोन दिवसांत खा. पावसाळ्यात परतत असाल तर पेटीतली कोरडेपणाची छोटी पुडी फेकू नका. पेटी उघडल्यावर उरलेला माल आणि ती पुडी एकाच डब्यात घाला.